महिना हजार रुपयांच्या शिष्यवृत्तीने गरीब घरातील मुलांच्या शिक्षणात खरोखर फरक पडतो का?

होय, पडतो; आणि तो रकमेच्या आकारापेक्षा ती कोणत्या वयात मिळते यामुळे अधिक पडतो. केंद्र सरकारने २००८ साली एनएमएमएस (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल पण गुणवंत विद्यार्थ्यांसाठीची) शिष्यवृत्ती सुरू केली, ती आठवीनंतरची गळती रोखण्यासाठीच. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेले, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीचे विद्यार्थी या शिष्यवृत्तीसाठीची परीक्षा देऊ शकतात. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

मोलमजुरी करणाऱ्या घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल म्हणजे कमावते हात समजले जातात, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विषय निघू लागतो. अशा वेळी तिने स्वतःच्या गुणांवर मिळवलेले पैसे घरात येतात, तेव्हा ‘शाळेचा खर्च कशाला’ हा प्रश्न मागे पडतो. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते आणि दहावीत सर्वसाधारणपणे ६० टक्के गुण आवश्यक असतात. नूतनीकरण राहिले तर मिळवलेला हक्कही हातून जातो, म्हणून वर्गशिक्षकांना वेळेवर आठवण करून द्यावी.