विदर्भातल्या खेड्यात शहरातल्या जुन्या पबसारखं काही होतं का? ते चालवणारी माणसं कोण होती, आणि त्यांचा इतिहास कुणी जपला का?

होतं. आमच्याकडे त्याला भट्टी म्हणतात. मी भंडारा जिल्ह्यातल्या कलार, म्हणजे परंपरेने दारू गाळणाऱ्या-विकणाऱ्या जातीच्या घरातला आहे, आमच्या तीन पिढ्या भट्टीवर गेल्या, म्हणून लिहितो. शहरातल्या जुन्या पबचा आणि त्याच्या मालकांचा इतिहास लोक जपतात, तसं खेड्यात कुणी जपलं का, असं तुम्ही विचारलंय. कागदावर फारसं कुणी जपलं नाही. घराघरांत मात्र बरंच आहे.

आधी शब्दाचं सांगतो. विदर्भात सरकारी परवान्याच्या देशी दारूच्या दुकानाला आजही भट्टीच म्हणतात. आत ना चूल, ना हंडा, नुसत्या बाटल्यांची खोकी. पण एके काळी खरंच भट्टी पेटलेली असायची. जिथे दारू गाळायची तिथेच विकायची आणि तिथेच बसून प्यायची.

गाळायची ती मोहाची. मोहाचं फूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं. बाया-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातात, कारण ऊन चढायच्या आत फूल वेचून घ्यावं लागतं. अंगणात आठवडाभर वाळवलं की ते मनुक्यासारखं तांबूस होतं आणि त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. हेच फूल भाकरीत घालतात, भाजून खातात, गुरांना घालतात. पाण्यात भिजवून आंबवलं की त्याचा सडवा होतो. तो हंड्यात उकळायचा, वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरवायची. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा, काहीही असो, पहिले थेंब जमिनीवर पडल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे भट्टी ही नुसती नशेची जागा नव्हती. गावाला ती लागायचीच.

चालवणारे बहुतेक आमचे कलार. जैन कलार, कोसरे कलार अशा पोटजाती पूर्व विदर्भात आहेत. समाज स्वतःला सहस्रार्जुनाच्या वंशातला मानतो आणि त्याची जयंती करतो. इंग्रजांच्या अमलात सरकार भट्टीचा लिलाव करायचं. ज्याची बोली जास्त त्याला ठेका, मग त्याने आपल्याच भट्टीवर गाळावी आणि विकावी. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की त्यांच्या आजोबांना लिलावाच्या आदल्या रात्री झोप लागत नसे. शेजारच्या गावचा कुणी बोली चढवून गेला तर घरची चूल बंद. बोली चढवून ठेका मिळवला तर ती रक्कम भरून काढायला जास्त विकणं आलं. लोकांना जास्त प्यायला लावण्याचं मूळ मला या लिलावात दिसतं, कलाराच्या स्वभावात नाही.

पुढे 1905-06 मध्ये सरकारने अबकारीची, म्हणजे दारूवरच्या कराच्या कारभाराची, चौकशी करायला समिती नेमली. त्या सुमारास गावोगावच्या भट्ट्या मोडून मोठ्या कारखान्यात गाळायची आणि दुकानदाराने ती फक्त विकायची, अशी पद्धत पसरत गेली. 1915 ला मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला. आमच्या घरात हे असं उतरलं: आबाजींच्या आजोबांना गाळता यायचं, आबाजींच्या वडिलांना निम्मं यायचं, आबाजींना अजिबात नाही. धार विस्तवावर टाकून निळी ज्योत उठते का बघायची, वासावरून सडवा झाला की नाही ओळखायचं, हे सगळं एका आयुष्यात विसरलं गेलं. तांब्याचा हंडा तेवढा घरी राहिला. माझ्या लहानपणी त्यात आंघोळीचं पाणी तापायचं. बुडाला आतून एक काळा पट्टा होता, तो चिंच-मिठाने घासूनही गेला नाही.

कलार म्हणजे पुष्कळ ठिकाणी सावकारही, ही गोष्ट मी लपवणार नाही. उधारी वहीत लिहिली जायची आणि धान कापणीला फिटायची. न फिटली तर बैल जायचा, पुढे बांधही जायचा. पूर्व विदर्भात कितीतरी गोंड कुटुंबांची जमीन अशीच हातातून गेली. आमच्या घरातही अशी एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, आली होती. आजीने मरेपर्यंत तिचा तांदूळ घरात शिजू दिला नाही. ती विकायला लावायची.

आजी भट्टीवर कधी गेली नाही, पण संध्याकाळी परसदारी एखादी बाई येऊन बसायची, आजी तिच्याशी हळू बोलायची आणि आत येऊन आबाजींना सांगायची, "आज त्याले देऊ नका. त्याची बायको येऊन गेली." आबाजी देत नसत. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा दारात, तेव्हा द्यायचेच.

वऱ्हाडातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात दारूवर तुटून पडायचे, कारण त्यांचे वडील दारूपायी गेले होते. मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं. ही गोष्ट आमच्या घरात आजी सांगायची, दारूच्या पैशावर चाललेल्या घरात. मला त्यात तेव्हाही काही विसंगत वाटलं नाही.

1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा मागोमाग इकडे आला. भट्टी बंद पडली. आबाजींनी त्या वर्षांत धानाची शेती केली, आणि गावाजवळच्या रानात हातभट्टी शिरली. गूळ आणि नवसागर घातलेली ती दारू मोहाच्या नावावर विकली जायची. मोह बदनाम झाला तो तिच्यामुळे, असं आबाजी शेवटपर्यंत म्हणायचे. 1973 ला देशी दारूचे नियम आले आणि पुन्हा परवान्याची दुकानं उघडली. आबाजी अशाच एका दुकानात बसले. लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आत संत्र्याच्या वासाची दारू. गिऱ्हाईक बसायचं नाही, उभ्याउभ्या पिऊन निघून जायचं. गप्पा, पावसाचा अंदाज, बैलाचा भाव, कुणाचं लग्न जमलं, हे सगळं जाळीबाहेरच राहिलं. तुम्ही ज्याला पब म्हणता तो आमच्या गावात तेव्हाच संपला.

दुकान बंद झालं ते मतदानाने. राज्यात 2008 पासून नियम आहे: गावातल्या महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडवीवर पडल्या की दुकान बंद. आमच्या गावात आई रांगेत पहिल्या दहांत होती. आबाजी तेव्हा नव्हते. घरी आल्यावर तिने तो तांब्याचा हंडा परसात धुऊन पालथा घातला आणि मला म्हणाली, "आजीने हेच केलं असतं."

दुकानाच्या त्या खोलीत आता धानाची पोती आहेत. पण आमच्या गावात पत्ता विचाराल तर आजही सांगतील, भट्टीपासून उजवीकडे.