मस्कतचा धूप आणि ताजा कलम

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता आठ दिवस मुलाकडे मस्कतला जाऊन आलो. मत्राहच्या जुन्या बाजारात पहिल्या संध्याकाळी शिरलो, तेव्हा धुपाचा वास इतका दाट होता की बोलता बोलता मी थांबले. चौथ्या दिवशी त्याच गल्लीत मला काहीच जाणवले नाही. तेथे मी ऊद मागितला, तर दुकानदाराने लाकडाच्या ढलप्या पुढे केल्या आणि त्यांची किंमत ऐकून आम्ही परतलो. शेवटी मुलाने आणून दिलेले पांढुरके खडे घेऊन आले. आता प्रवासवर्णन लिहायला बसले आहे, तर कागदावर किल्ले, मशिदी आणि रस्तेच उतरतात. जे जाणवले होते, ते मी हरवून बसले का?
ता. क. : विमानतळाबाहेर पाऊल टाकताच माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि मुलगा समोर उभा असून दिसला नाही, हे सांगायचे राहिले.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण काहीही हरवलेले नाही. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत त्याची जाणीव मंदावते आणि रोज येणारा, अपाय न करणारा वास मन सवयीचा म्हणून बाजूला ठेवते. आवाजाचेही तसेच आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात माणसे गप्पा मारतात, मुले अभ्यास करतात, आणि वीज गेली की मगच काहीतरी थांबल्याचे सगळ्यांच्या लक्षात येते. मस्कतहून परतल्यावर आपण कुलूप काढून दार लोटले, तेव्हा स्वतःच्या घराचा वास घटकाभर आला असेल : शेंगाचटणीतल्या लसणाचा, बंद खोलीचा, कपाटातल्या चादरींचा. पाहुण्यांना तो नेहमीच येतो; आपल्याला तो येण्यासाठी आठ दिवस दूर राहावे लागले. म्हणून परक्या देशातले पहिले दोन दिवस आणि घरी परतल्यावरची पहिली संध्याकाळ, या वेळी वही हाताशी असावी, असे मी प्रत्येक प्रवाशाला आग्रहाने सांगतो.

उदाचा घोटाळा शब्दाचा आहे. मराठीत आपण निखाऱ्यावर टाकायच्या सुगंधी राळेला ऊद म्हणतो; अरबीत त्या शब्दाचा मूळ अर्थ लाकूड असा आहे, आणि सुगंधाच्या दुकानात तो अगरूच्या महागड्या लाकडासाठी वापरतात. आपल्याला हवा होता तो लुबान. दूध आणि पांढरेपणा यांच्याशी नाते असलेला हा शब्द किती नेमका आहे, ते चीक काढताना पाहिले की कळते : ओमानच्या दक्षिणेकडील धोफार प्रांतातल्या बुटक्या झाडांची साल थोडी खरवडली की दुधासारखे थेंब बाहेर येतात, काही दिवसांत वाळून घट्ट होतात आणि मग ते काढून घेतात. त्या झाडाचे भावंड आपल्या सातपुड्यातही आहे. ते म्हणजे सालई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात या धुपाच्या प्रदेशाचे वर्णन आहे, आणि त्याच वृत्तांतात तगर नगराचे, म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे, नावही येते. हे वाचले तेव्हापासून तो वास मला पुरता परका वाटलेला नाही.

आता लिहिण्याविषयी. आपण त्या वासासाठी विशेषणे शोधत आहात, असे मला वाटते, आणि ‘मंद’, ‘मोहक’, ‘दरवळणारा’ ही विशेषणे कोणत्याही गावाला चालतात. त्याऐवजी आपल्या नाकाने, कानाने त्या क्षणी तो अनुभव घरच्या कशाशी ताडून पाहिला आणि तो कोठे जुळला नाही, ते लिहावे. निझवा या गावी शुक्रवारी सकाळी शेळ्यांचा बाजार भरतो. मालक दोरी धरून शेळ्यांना गोल फिरवतात, गिऱ्हाइके कडेने बसलेली असतात आणि भाव मोठ्याने पुकारला जातो. तो पुकारा माझ्या मनात राहिला, याचे कारण सांगोल्याचा बाजार हे आहे, कारण आपल्याकडे जनावरांचा सौदा उपरण्याखाली बोटे धरून मुक्याने होताना मी लहानपणापासून पाहिला होता. तिकडे भाव कानांनी ऐकायचा, इकडे बोटांनी. हा फरक सांगितला की बाजार वाचकाला ऐकू येतो. ‘बाजार गजबजलेला होता’ असे लिहून तो ऐकू येत नाही.

कहव्याचेही असेच करता येईल. बिनकानाचा छोटा पेला, त्यात वेलदोड्याच्या वासाची थोडीशीच कॉफी, आणि पुरे झाले हे सांगण्यासाठी तो पेला हातात हलकेच हलवण्याची रीत. चहाचा कप काठोकाठ भरण्याची सवय असलेल्या आपल्या हाताला तो पेला किती हलका लागला, एवढे सांगितले तरी पुरे.

खरे तर आपल्या लेखाचे पहिले वाक्य आपण ताज्या कलमात टाकून दिले आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी आपल्या चष्म्यावर वाफ धरत नाही, कारण येथील उष्मा कोरडा असतो आणि घाम वाळून जातो. मस्कत समुद्राकाठी असल्याने ऑगस्टमधली हवा बाष्पाने जड असते, आणि आतल्या गारव्यात थंड झालेल्या काचेवर ते बाष्प लगेच जमते. ज्या मुलाला पाहण्यासाठी आपण एवढ्या लांब गेलात, त्याचा चेहरा त्या देशाच्या हवेने क्षणभर झाकला. यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचवता येणार नाही. आणलेल्या खड्यांपैकी एक आज संध्याकाळी निखाऱ्यावर ठेवावा आणि तो जळत असताना लिहायला बसावे. पदराने काच पुसल्यावर प्रथम काय दिसले, तेही अवश्य लिहावे.