सेंट्रल लॉक आपोआप लागतंय? आधी पुराचं बघा

२०१८ ची डिझेल ब्रेझा घेऊ की क्रेटा, असं तुम्ही विचारलंय आणि जाता जाता लिहिलंय की चालवून बघताना ब्रेझाचं सेंट्रल लॉक आपोआप लागत होतं, 'किरकोळ असेल ना?' ब्रेझा-क्रेटावर इथं भरपूर मतं पडतील. मी त्या लॉकसाठी लिहितोय. माझ्या गाडीचं दुखणंही तिथूनच सुरू झालं. मग काचा, मग एबीएसचा दिवा, शेवटी एअरबॅगचा.

गाडी नावावर करायचे फॉर्म २९-३०, कर्जाची एनओसी, चलनं हे तुम्ही बघालच.

आपल्याकडं कोल्हापुरात मॉडेलच्या आधी पुराचं पाणी बघायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या कुठं गेल्या असतील? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरते. तशी गाडी लिलावात जाते आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. इंजिन सुधारतं हो, वायरिंगच्या कनेक्टरमधला गंज मात्र दोन-तीन पावसाळ्यांनी डोकं वर काढतो.

आता माझा राग. व्यवहाराआधी मी एका विमा कंपनीच्या शाखेत (नाव घेत नाही) एवढंच विचारायला गेलो, की या गाडीवर पुराचा क्लेम झालाय का. उत्तर आलं, 'पॉलिसी तुमच्या नावावर नाही, माहिती देता येत नाही.' मालकाचं पत्र नेलं, तर म्हणे मुख्य कार्यालयाला मेल करा. मेलला उत्तर नाही. पुढं गाडी नावावर झाली, पॉलिसीही त्याच शाखेतून नावावर करून घेतली आणि वायरिंग जळाल्यावर क्लेम टाकला. तेव्हा त्याच टेबलावर लगेच फाईल उघडली: 'याच्यावर आधी पुराचा क्लेम आहे, हे जुनं नुकसान आहे, नामंजूर.' म्हणजे घेताना गुपित आणि पैसे द्यायची वेळ आली की पुरावा! वायरिंग हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लॉक, काचा चालवणारा डबा) सगळं खिशातून गेलं.

म्हणून त्यांच्या दारात न जाता मालकाकडूनच पुरानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाची पॉलिसी मागा, २०१९ च्या पुरानंतरची आणि २०२१ च्या पुरानंतरचीही. त्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य असेल तर आदल्या वर्षी काहीतरी क्लेम झालाय. अर्थात बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळं मध्ये मालक बदलला असेल तरी शून्य दिसतो. एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे हा बोनस राखणारं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही बोनस दिसेल. आणि रोखीनं दुरुस्त केलेली गाडी यात सापडणारच नाही. 'कागद हरवले' म्हणणाऱ्याला माझ्याकडून नमस्कार.

मी मेकॅनिक नाही, पण एवढं स्वतः बघता येतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा बघा. कारपेट उचलून नाक लावा. जुन्या गाडीत कोरं कारपेट आणि भरपूर परफ्यूम असेल तर मी तिथंच गाडी सोडतो. उद्यमनगरातला तुमच्या ओळखीचा वायरमन सोबत न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. क्लच बघायचा तर जोतिबाचा घाट चढवा, रंकाळ्याभोवती फिरवून काही कळत नाही.

बजेट खाली आलं आणि डस्टर किंवा इकोस्पोर्टच्या डिझेलकडं वळलात, तर टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. ब्रेझाच्या १.३ ला चेन आहे, ती भानगड नाही.

आणि हो, किल्ली ऑनवर ठेवा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर दिवा मुद्दाम काढलाय का, ते वायरमनला मीटर उघडून बघायला लावा.