पैसे भरूनही ओटीटीवर पिक्चर सापडत नसेल, तर टेलिग्रामवरून घेणं चोरी आहे का?

तीन ॲपांचे पैसे भरूनही हवा तो जुना मराठी पिक्चर कुठेच मिळत नाही, मग टेलिग्रामवरून उतरवला तर ती चोरी धरायची का, असं तुम्ही विचारलंय.

कायद्यानं धरायची. ‘कुठे सापडलाच नाही’ हे कारण कॉपीराइट कायद्यापुढे चालत नाही. पण तुमचा प्रश्न कायद्याचा दिसत नाही, म्हणून आधी माझंच प्रगतिपुस्तक दाखवतो.

माझ्या मामाचं सांगलीत सीडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. शाळेच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो. दिवसाला दहा रुपये, उशीर झाला की वर पाच. निम्म्या सीडींचं कव्हर झेरॉक्सचं. थिएटरात कॅमेरा नेऊन काढलेल्या प्रिंटमध्ये ऐन भांडणात कुणीतरी उठून बाहेर जायचा आणि त्याची सावली हीरोच्या तोंडावर पडायची. (असा कॅमेरावाला आज सापडला तर २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख दंड.) गिऱ्हाईक तक्रार करायचं, पण प्रिंटची. ‘ह्यात डोकं दिसतंय ओ, दुसरी द्या.’ चोरीचा माल आहे, हे आम्हा कुणाच्या डोक्यातही नसायचं.

नोकरी लागल्यावर मी सुधारलो. ओरिजिनल डीव्हीडी घेऊन कपाट भरलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि खालचे दोन कप्पे चिखलात गेले. मग म्हटलं, आता वस्तूच नको. एका ॲपवर ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं बटण दाबून एक पिक्चर रीतसर विकत घेतला. दीड वर्षानं बघायला गेलो तर जागेवर नाही. कस्टमर केअरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘सर, तो आता आमच्याकडे उपलब्ध नाही.’ पैशाचं विचारलं तर अटी वाचा म्हणाली. नदीचं मी समजू शकतो.

असं होतं, कारण बहुतेक पिक्चर ॲपच्या मालकीचे नसतातच. निर्मात्याकडून किंवा चॅनेलकडून ठरावीक मुदतीसाठी हक्क घेतलेले असतात. मुदत संपली आणि पुन्हा पैसे मोजायला कुणी तयार नसलं, की पिक्चर निघाला. जुन्या मराठी पिक्चरांच्या बाबतीत तर कधीकधी हक्क नक्की कुणाकडे, यावरच घोळ असतो. निर्माता वारलेला, वारस चार ठिकाणी. तुम्हाला हवा तो साठ वर्षांहून जुना असेल तर जरा बरं आहे, कारण आपल्याकडे पिक्चरवरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. कथा-गाण्यांचे हक्क वेगळे, ती भानगड राहतेच.

तेव्हा विकतच मिळत नाही असा जुना पिक्चर तुम्ही उतरवून घरात बघितलात, तर मी नाक मुरडणार नाही. उद्या कुठल्या ॲपवर आला, तर मात्र तिथे पैसे देऊन बघा. पण ‘जाहिराती फार’, ‘पासवर्ड वाटून घेऊ देत नाहीत’, ‘पॅक महागला’ ही कारणं मला पटत नाहीत. मीही वैतागतो, दोन पॅक बंदही केलेत. बंद केले म्हणजे तिथला पिक्चर बघायचा नाही, एवढंच. आणि नवा मराठी पिक्चर गावात लागलेला असताना लिंक शोधणं, ते तर अजिबात नाही.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय आटला, तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे राजाच्या जागी आपण आलो.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अशीच नव्या मराठी पिक्चरची लिंक आली. पिक्चर इथंच लागला होता. दुपारच्या खेळाला मोजून अकरा जण होतो. लिंक टाकणारे काका भावे नाट्यमंदिरात चांगलं नाटक आलं की पुढच्या रांगेचं तिकीट काढून जातात, पास कुणी देऊ केला तरी घेत नाहीत. जिन्यात भेटले तेव्हा म्हटलं, ‘काका, नाटकाला पाचशे देता आणि पिक्चर फुकट?’

‘अरे, नाटकात समोर माणूस असतो की,’ म्हणाले.