सोलापूरच्या पोराने महाराष्ट्र केसरी जिंकलं की ऑलिम्पिकच्या निवड चाचणीला थेट जाता येतं का?

नाही. त्याचा रस्ता जिल्हा निवड चाचणी, राज्याचा संघ, सीनियर राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक असा जातो. ऑलिम्पिकच्या चाचणीला सहसा या राष्ट्रीय स्पर्धेतले पदकविजेते आणि राष्ट्रीय शिबिरातले मल्ल बोलावतात. केसरीचा गट 86 ते 125 किलोचा, तर ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलला फक्त 57, 65, 74, 86, 97 आणि 125 हेच गट. त्यामुळे 61 किंवा 70 किलोत खेळणाऱ्याने वजनाचा निर्णय वर्षभर आधी घ्यावा. ऐनवेळी पाणी तोडून उतरवलेलं वजन ताकद घेऊन जातं. सराव मॅटवरच हवा. मातीत चितपटीची वाट बघण्याची सवय लागते आणि मॅटवर सहा मिनिटांत गुणांवर कुस्ती हातची जाते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: चाचणी जिंकली म्हणजे ऑलिम्पिक नक्की नव्हे. आधी जागतिक किंवा पात्रता स्पर्धेतून कोटा, म्हणजे त्या वजनगटातली ऑलिम्पिकची जागा, मिळवावा लागतो, आणि तो मल्लाचा नसून देशाचा असतो. चाचणीचे निकष दरवेळी बदलतात, म्हणून भारतीय कुस्ती महासंघाचं त्या वेळचं परिपत्रक वाचाच.