वाचकांचे प्रश्न : डबल जंप, पोगो आणि टेल्सची शेपटी

प्लॅटफॉर्म गेममधल्या (उड्या मारत, अडथळे पार करत पुढे जायच्या खेळांमधल्या) पात्रांच्या आवडत्या करामतींबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी भांडण मिटवून मागणारी आहेत. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

माझ्या रूममेटच्या मते डबल जंप, म्हणजे हवेत असतानाच मारलेली दुसरी उडी, ही लबाडी. उडी मारली की मारली, मग जे होईल ते भोगायचं. मला मात्र डबल जंप नसलेल्या गेममध्ये हातपाय बांधल्यासारखं वाटतं. बरोबर कोण?
— एक विद्यार्थी, नाशिक

तुमचा वाद उडीवरून नाहीच, निर्णय कधी घ्यायचा यावरून आहे. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त नायक सायमनने पाय उचलला की हवेत दिशा बदलता येत नाही. त्यामुळे सगळा हिशेब जमिनीवर उभं असतानाच करावा लागतो. मेड्युसाची मुंडकी लाटेसारखी वरखाली होत अंगावर येतात. त्यांची लय ओळखायची, योग्य फटीत उडी टाकायची, हाच तिथला खेळ. सायमनला डबल जंप दिली असती तर ती मुंडकी नुसती शोभेला उरली असती. तुमच्या रूममेटला हा आधीच केलेला हिशेब आवडतो. तुम्हाला हवेत गेल्यावर विचार बदलायची मुभा हवी.

दोघांनी मिळून ‘सुपर घूल्स एन घोस्ट्स’ (१९९१) खेळून बघा. त्यातल्या आर्थरला दुसरी उडी मिळते, पण तिची दिशाही बटण दाबताक्षणी पक्की होते. म्हणजे विचार दोनदा करता येतो, तिसऱ्यांदा नाही.

आणि डबल जंप म्हणजे फुकटची सोय असं रूममेटला वाटत असेल, तर त्याला हे सांगा : उंच जायचं असेल तर दुसरी उडी पहिलीच्या टोकावर मारायची, लांब जायचं असेल तर चांगलं खाली येऊ द्यायचं आणि मगच दाबायची. बहुतेक जण घाबरून टोकावरच दाबतात आणि पलीकडच्या कड्याला दोन बोटं कमी पडतात.

‘हॉलो नाइट’मध्ये शत्रूवर खाली वार करून उसळी घेणं जमत नाही. दहात चार वेळा तलवार आडवीच फिरते. ‘शॉव्हल नाइट’मध्ये हेच सहज जमतं. असं का?
— एक वाचक, कोल्हापूर

दिसायला करामत एकच, पण तिन्ही गेममध्ये ती हातांकडून वेगवेगळं काम मागते. हो, तिन्ही, कारण हिचं मूळ १९८९ च्या ‘डकटेल्स’मध्ये आहे. तिथे अंकल स्क्रूज हवेत असताना खाली आणि बी ही बटणं एकदम धरून ठेवायची, की काठी पोगोसारखी (उड्या मारायच्या स्प्रिंगच्या काठीसारखी) उसळते. ‘शॉव्हल नाइट’ने (२०१४) दुसरं बटण काढून टाकलं. हवेत नुसतं खाली दाबलं की फावडं खाली रोखलं जातं, आणि जमिनीला लागेपर्यंत तसंच राहतं. थोडं लवकर दाबलं तरी काही बिघडत नाही.

‘हॉलो नाइट’मध्ये (२०१७) मात्र खाली धरून वार करावा लागतो, आणि तो वार क्षणभरच टिकतो. इथे तीन गोष्टी चुकतात. पहिली, अंगठा खाली पोचायच्या आत वाराचं बटण दाबलं जातं. म्हणून तलवार आडवी फिरते. उडी घेतल्याबरोबर खाली धरा आणि धरूनच ठेवा, वार नंतर. दुसरी, अ‍ॅनालॉग स्टिक. पुढे जाता जाता खाली ओढताना ती तिरकी राहते, आणि गेम त्याला ‘बाजूला’ समजतो. हालचाल डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या अधिक-चिन्हासारख्या बटणावर) आणा. अर्धी तक्रार तिथेच मिटेल. तिसरी, वार फार वर असताना केला जातो. शत्रू पायाशी आल्यावर नव्हे आणि दिसल्यावरही नव्हे, तलवारीच्या टप्प्यात शिरला की दाबायचं.

सरावाला शत्रू नको, काटे घ्या. ते हलत नाहीत, आणि त्यांच्यावरूनही उसळी मिळते. ग्रीनपाथ या भागानंतर डॅश (एका दिशेने झपाट्याने मारायची झेप) हातात आला की उसळी, डॅश, पुन्हा उसळी अशी साखळी बांधा. कारण प्रत्येक उसळीबरोबर हवेतला डॅश परत मिळतो. पुढे व्हाइट पॅलेसमध्ये फिरत्या करवतींवर हेच करायचं आहे, तेव्हा काट्यांवर हात बसलेला बरा.

शॉव्हलची पोगो आवडणाऱ्यांना लय हवी असते आणि हॉलोची आवडणाऱ्यांना नेम. तुमचं दुसरीशी जमलंच नाही तर त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी सात. दोघांनी एकत्र खेळावं असं वाटतं, पण तिच्यामुळे तो सारखा हरतो आणि रडारड होते.
— एक आई, पुणे

‘सॉनिक ३’ (१९९४). मुलाला सॉनिक, दुसरा कंट्रोलर मुलीकडे, म्हणजे सॉनिकचा साथीदार टेल्स. टेल्स कितीही वेळा पडला तरी खेळ थांबत नाही; थोड्या वेळाने तो उडत परत येतो. त्याने उचललेल्या रिंगा सॉनिकच्याच खात्यात जमा होतात. शिवाय उडी मारून पुन्हा उडीचं बटण दाबत राहिलं की तो शेपटी फिरवत उडतो आणि सॉनिकला लटकवून वर नेऊ शकतो. म्हणजे अधूनमधून ताईसाहेबांनाच विनवणी करावी लागेल! उड्डाण सुमारे ८ सेकंद टिकतं, मग तो दमून खाली येतो.

एक अडचण आधीच सांगून ठेवा : कॅमेरा सॉनिकच्या मागे जातो. तो सुसाट सुटला की टेल्स पडद्याबाहेर राहतो आणि मुलीला वाटतं कंट्रोलर बंद पडला. थांबायला हवं ते मुलाने.

‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये चार पात्रांपैकी सगळे प्रिन्सेसच का घेतात?
— एक वाचक, मडगाव

कारण उडीचं बटण धरून ठेवलं की ती एक-दीड सेकंद हवेत तरंगते आणि चुकलेली उडी सावरून घेता येते. पण भाज्या उपटण्यात ती सर्वांत संथ. वाळू खणायच्या लेव्हलला टोड घ्या, त्याचे हात सर्वांत चपळ. लुइजीची उडी सर्वांत उंच. खाली बसून अंग लुकलुकेपर्यंत थांबलं की चौघांचीही पुढची उडी उंच जाते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

‘सेलेस्ट’मध्ये वेव्हडॅश (जमिनीकडे तिरका डॅश मारून लगेच घेतलेली वेगवान उडी) कधी जमतो, कधी नाही. शिवाय कीबोर्डवर तिरका डॅश मधेच गिळला जातो.
— एक वाचक, ठाणे

आधी कीबोर्ड. मूळ मांडणीत सी म्हणजे उडी, एक्स म्हणजे डॅश आणि झेड म्हणजे पकड. तिरक्या डॅशला दोन बाणांच्या कळा आणि एक्स एकाच वेळी लागतात, आणि स्वस्त कीबोर्डांना काही तीन-तीन कळा एकदम कळत नाहीत. दिशा बाणांवरून काढून दुसऱ्या अक्षरांवर नेऊन पाहा. तरी गिळत असेल तर कंट्रोलर घ्या, बोटांना दोष देऊ नका.

आता वेव्हडॅश. उडी घ्या, हवेतून पुढे-खाली तिरका डॅश मारा, आणि जमीन लागताच उडी. फार वरून मारला तर जमीन यायच्या आत डॅश संपतो आणि तुम्ही नुसते टपकता. अगदी जमिनीलगत मारला तर वेग मिळतो, पण डॅश परत मिळत नाही. कारण डॅश सुरू झाल्यावर तो पुन्हा भरायला सुमारे ०.१ सेकंद जावा लागतो. म्हणजे त्या वेळाच्या किंचित नंतर पाय टेकतील इतक्या उंचीवरून सुरुवात करायची. पात्राच्या डोक्यावरचे केस हा तुमचा इशारा : निळे राहिले तर डॅश गेला, पुन्हा लाल झाले तर आला.

असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करणाऱ्या सोयीत) खेळाचा वेग १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी ५० टक्क्यांपर्यंत खाली येतो. ७० वर शिका, मग वर चढवा. असिस्ट लावणं म्हणजे हार, असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

तुमची स्वतःची आवडती करामत कोणती?
— बरेच जण

‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’मधला (२०१५) बॅश. शत्रू किंवा त्याने फेकलेला गोळा जवळ आला की बटण धरायचं. काळ थांबतो, बाण दिसतो. सोडलं की ओरी बाणाच्या दिशेने झेपावतो आणि गोळा उलट्या दिशेने जातो. एकाच दाबात सुटकाही आणि हल्लाही. ज्यांना सतत धावायला आवडतं ते त्या थांबण्याला वैतागतात, आणि आसपास पकडायला काहीच नसेल तर बॅश शून्य कामाचा, हेही खरं. जिन्सो वृक्ष नावाच्या भागात तो मिळतो आणि तिथेच खालून पाणी चढू लागतं. त्या पळापळीत मध्ये सेव्ह करता येत नाही. तिथे बाण नेमका लावत बसू नका. ढोबळ वर दाखवा आणि सोडा.