विसरलास म्हणजे मनात नव्हतं, असं नाही

प्रिय,

"आईच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या राहिल्या, म्हणजे मला तिची काळजीच नाही का?" हे वाचून आधी गलबलून आलं, मग तुझा रागच आला. काळजी नसती तर रात्रभर तळमळत पडला असतास का? मनाची झडती घेणं आता पुरे.

ठरवलंस सकाळी, चहा पिताना. आठवायला हवं होतं संध्याकाळी, स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडताना. तिथे आठवण करून देणारं काय होतं? फोन कानाला होता आणि मेडिकल मागे पडलं. निश्चय कितीही खरा असो, तो आपणहून हाक मारत नाही. त्याला जागा नेमून दे.

पूजेला बसताना आपण संकल्प सोडतो तो आठव. 'दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे', मग शक, मास, तिथी, वार, आपलं नाव-गोत्र, आणि सगळ्यात शेवटी 'करिष्ये'. कुठे आणि केव्हा ते सांगितल्याशिवाय 'करीन' म्हणायची सोयच नाही! मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९७ साली जर्मनीतल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग मांडला. नाताळची आदली संध्याकाळ कशी गेली, ते ४८ तासांत लिहून पाठवायचं होतं. केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच नक्की केलं, त्यांच्यातल्या जवळजवळ पाऊण जणांनी वेळेत लिहिलं. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश. लिहायचं तर दोघांनाही होतं.

फोनमध्ये गजर लावीन, असं म्हणशील. सातचा गजर तू लोकलमध्ये लोंबकळत असताना वाजेल, तू तो बंद करशील, आणि पुन्हा तेच. म्हणून सांगतो, जागा नेमून दे. 'जिना उतरलो की आधी मेडिकल, मग रिक्षा.' एवढं नेमकं.

मला घरात हट्टी म्हणतात. सकाळी न्यायची वस्तू रात्रीच दाराच्या कडीला अडकवल्याशिवाय मी झोपत नाही. म्हणू देत. तुझ्या वयात 'याला कशाचं काही नाही' असा शिक्का माझ्यावर मारला गेला. तो खोटा होता, मी तो आजही मान्य करत नाही. चांगल्या मनावर सगळं सोडून निर्धास्त बसणारेच मला जास्त बेफिकीर वाटतात.

उत्तरात 'यापुढे लक्षात ठेवीन' असं लिहू नकोस, मी वाचणार नाही. या महिन्याच्या गोळ्या कुठून, कोणत्या वारी आणि कशानंतर आणणार, ते लिही.